जुन्या आर्टेक्सच्या छतावर गिलावा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेलं, किंवा त्या काळात डागडुजी झालेलं घर तुम्ही घेतलं असेल, तर मान वर केल्यावर आर्टेक्स दिसण्याची शक्यता दाट आहे. कुठे एकात एक गुंतलेले अर्धगोल पंखे, कुठे भोवरे, कुठे दुधावरच्या सायीला चमचा लावून उचलावा तसे टोकदार दाणे. आर्टेक्स हे मूळ एका कंपनीचं नाव, पण आता अशा सगळ्याच खडबडीत लेपाला इथे तेच म्हणतात. प्लास्टरबोर्डच्या, म्हणजे जिप्समच्या, तक्त्यांमधले सांधे आणि खिळ्यांची डोकी झाकायला हा लेप स्वस्तात पडायचा, पटकन व्हायचा, आणि त्यासाठी कसलेला गवंडी लागत नसे. म्हणून घरंच्या घरं त्याने माखली गेली.

आमच्या घरात पाच खोल्यांना आर्टेक्स होतं. स्वयंपाकघरातलं तर फोडणीच्या तेलाने पिवळं पडलेलं, दाण्यादाण्यात धूळ अडकलेली. ते सपाट करायचं ठरवलं तेव्हा मला एकच पद्धत माहीत होती: गावाकडे रंगारी करतात तसं खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, लांबी भरायची, पुन्हा घासायचं आणि रंग द्यायचा. माझे मामा गवंडी, त्यामुळे थापी लहानपणापासून हाताळलेली. पण आपल्याकडच्या छताचं ज्ञान या छताला जसंच्या तसं लागू होत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडे वर काँक्रीटचा स्लॅब असतो, इथे बहुधा जेमतेम ९.५ मिलिमीटरचा जिप्समचा तक्ता, तोही लाकडी कड्यांना खिळ्यांनी टांगलेला. आणि आपल्या लांबीत जे नसतं ते या लेपात असू शकतं: ॲस्बेस्टॉस. म्हणून पॉलिश पेपर हा शब्द या कामापुरता डोक्यातून काढून टाका.

आधी चाचणी, मग बाकी सगळं

ॲस्बेस्टॉस म्हटलं की आपल्याला गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे आठवतात. भारतात ते आजही विकले जातात. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ साली बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ साली. आर्टेक्ससारख्या लेपात घातलेलं असायचं ते हे पांढरं, म्हणजे क्रिसोटाइल. लेपाला चिवटपणा यावा, तो ओघळू नये म्हणून थोड्या टक्क्यांत ते मिसळत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ते लेपातून जाऊ लागलं, पण दुकानात आणि गोदामात पडलेला जुना माल पुढेही वापरला गेला. म्हणून नियम साधा ठेवायचा: सन २००० च्या आधीचं आर्टेक्स असेल, तर चाचणी होईपर्यंत त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरायचं.

घाबरवायचा हेतू नाही. छतावर धड अवस्थेत असलेलं, रंग दिलेलं आर्टेक्स तुमचं काही बिघडवत नाही, कारण ॲस्बेस्टॉसचे तंतू लेपात घट्ट बसलेले असतात. कोरडं खरवडलं, घासलं, छिद्रं पाडली की ते धुळीबरोबर सुटतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. त्यातून होणारे आजार दिसायला कित्येक दशकं लागतात. आज घासलं, खोकलाही आला नाही, म्हणून काही झालं नाही असं मानता येत नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी झालेल्या अशा संपर्कामुळे आजही वर्षाला सुमारे ५,००० माणसं दगावतात, आणि त्यांत सुतार, वायरमन, गवंडी असे साध्या कामाची माणसं बरीच असतात.

चाचणीसाठी ऑनलाइन किट मिळतं, एका नमुन्याला साधारण ३० ते ५० पौंड पडतात. प्रयोगशाळा ‘यूकास’ची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेची, मान्यता असलेली आहे ना, तेवढं पाहून घ्या. ज्यांना स्वतः नमुना काढायचा नसेल त्यांनी सर्व्हेअर बोलवावा, त्यात काही कमीपणा नाही. स्वतः काढणार असाल तर असं:

१. खोलीतलं सामान आणि मुलं बाहेर. खिडक्या, पंखा, हीटिंग बंद. खाली प्लास्टिक अंथरा.
२. एफएफपी-३ दर्जाचा मास्क लावा. कापडी किंवा सर्जिकल मास्क या कामाचा नाही. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटून बसत नाही, हे लक्षात घ्या.
३. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून ती जागा चांगली ओली करा. रंगाच्या थरातून पाणी आत जायला दोन-तीन मिनिटं द्या.
४. पटाशीने नखाएवढा तुकडा हळूच उचला आणि किटमधल्या पिशवीत घाला. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
५. जागा ओल्या फडक्याने पुसा, तिथे थोडं फिलर लावा. फडकंही पिशवीत बंद करा.

प्रत्येक खोलीचा नमुना वेगळा हवा. आमच्या पाचांपैकी तीन खोल्यांत ॲस्बेस्टॉस निघालं, दोन खोल्या स्वच्छ. दिसायला पाचही एकसारख्या होत्या. पूर्वीच्या मालकाने वेगवेगळ्या वर्षी काम करून घेतलं असणार. लेप हाताने कालवलेला असल्यामुळे एकाच छतातही सगळीकडे प्रमाण सारखं नसतं, म्हणून मोठ्या खोलीत दोन ठिकाणांहून घेतलेलं बरं.

अहवालात ॲस्बेस्टॉस नाही असं आलं, तर ओलं करून टोकं खरवडायला हरकत नाही. तरी मास्क ठेवाच, जिप्समची धूळही छातीला चांगली नाही. ॲस्बेस्टॉस आहे असं आलं, तर मार्ग तीन. जसं आहे तसं ठेवून रंग देणं. न खरवडता वरून गिलावा करून ते कायमचं बंद करणं. किंवा प्रशिक्षित माणसांकडून काढून घेणं, जे खर्चिक असतं आणि बहुतेक घरांत गरजेचं नसतं. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही सरकारी संस्थादेखील धड असलेल्या ॲस्बेस्टॉसला न छेडता जागच्या जागी राहू द्यावं असंच सांगते. हा लेख मधल्या मार्गाचा आहे.

भाड्याच्या घरात राहत असाल तर इथेच थांबा आणि घरमालकाला लेखी कळवा. ते काम त्याचं आहे. फ्लॅट लीजवर असेल तर आधी लीज वाचा.

छत गिलावा पेलेल का?

हा प्रश्न आपल्या मनात येत नाही, कारण स्लॅबला चार किलो जास्त झाले काय आणि कमी काय. इथे मात्र विचारावा लागतो.

हाताच्या पेरांनी छतावर दर फुटावर टकटक करा. बद्द, भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, खुळखुळता आवाज आला, किंवा तळव्याने दाबल्यावर छत हललं, तर तक्ता खिळ्यांवरून सैल झालाय. घर १९२० च्या आधीचं असेल तर वर तक्ता नसून लाकडी पट्ट्या आणि चुन्याचा गिलावा असण्याची शक्यता जास्त. पट्ट्यांच्या फटींतून वर गेलेली चुन्याची बोंडं तो गिलावा धरून ठेवतात. ती तुटली की छत पोट काढतं. असं फुगलेलं छत दिसलं तर त्यावर एक किलोही वजन वाढवू नका.

ओलीचे डाग असतील तर आधी गळती शोधा. न्हाणीघराखालच्या खोलीत डाग असेल तर शॉवरचा सांधा बहुधा गुन्हेगार असतो.

मग लेप तक्त्याला किती धरून आहे ते बघा. एक कोपरा ओल्या स्पंजने मिनिटभर दाबून धरा. आर्टेक्सवर कधी रंगच दिला नसेल तर ते पाण्याने मऊ पडून पिठासारखं हाताला लागतं. अशा लेपावर गिलाव्याचं पाणी गेलं की दोन्ही मिळून खाली येतात. रंगाचे पोपडे निघत असतील किंवा खाली जुना खडूसारखा डिस्टेंपर असेल तरी तेच. या छतांवर थेट गिलावा करायचा नाही. त्यांना प्लास्टरबोर्डचे नवे तक्ते वरून मारतात. तेही खालच्या लेपाला नव्हे, थेट कड्यांना, आणि स्क्रू कडीत किमान २५ मिलिमीटर शिरेल इतका लांब. कड्या बहुधा ४०० मिलिमीटरच्या अंतराने असतात. पण लेपात ॲस्बेस्टॉस असेल तर स्क्रूचं प्रत्येक छिद्र त्यातून जातं. ते काम प्रशिक्षित माणसाला द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

छत भरीव, रंग घट्ट, दाणे पाच-सहा मिलिमीटरच्या आत: असं असेल तर पुढे वाचा.

सामान

ट्रॉवेल, म्हणजे लांबट चौकोनी लोखंडी थापी, १३ इंची. नवशिक्याने १६ इंची घेऊ नये, मनगट धरतं. नव्या थापीचे कोपरे धारदार असतात आणि छतावर रेघा ओढतात. बारीक पॉलिश पेपरवर कोपरे जरा गोल करून घ्या. पॉलिश पेपरचं या कामात तेवढंच काम. त्याशिवाय हॉक, म्हणजे खाली मूठ असलेली चौकोनी पाटी, डाव्या हातात माल धरायला. दोन मोठ्या बादल्या, एक मालाची आणि एक फक्त स्वच्छ पाण्याची. ड्रिलला लावायचा घुसळा. रुंद ब्रश, रोलर, डोळ्यांना गॉगल. कडेला लावायची टेप आणि जमिनीवर अंथरायला जाड प्लास्टिक.

उभं राहायला शिडी चालत नाही. दोन बुटके मजबूत स्टूल आणि त्यांवर रुंद फळी असा मचाण हवा, ज्यावरून तुमचं डोकं छताच्या खाली वीतभर राहील. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न उतरता चालता आलं पाहिजे. गिलावा ओला असताना खाली उतरून शिडी सरकवण्यात जो वेळ जातो तोच पुढे सांध्यांच्या रूपात दिसतो.

गिलाव्यासाठी मल्टी-फिनिश, म्हणजे वरचा गुळगुळीत हात देण्याचं जिप्समचं प्लास्टर. इथे थिसल नावाचं सर्रास मिळतं. २५ किलोचं पोतं सपाट पृष्ठभागावर २ मिलिमीटर जाडीने सुमारे १० चौरस मीटर पुरतं. आर्टेक्सच्या दऱ्या पहिल्या हातात बराच माल खातात, म्हणून १२ चौरस मीटरच्या खोलीला मी तीन पोती आणतो. पोत्यावरची तारीख वाचून घ्या. जुनं प्लास्टर दगा देतं: वीस मिनिटांत बादलीतच दगड होतं. दाणे खोल असतील तर त्याखाली भरायला बाँडिंग कोटचं, म्हणजे खालच्या थराच्या भरड प्लास्टरचं, एक पोतंही आणा.

आणि खरखरीत प्रायमर. रंगाचा डबा असतो तसाच डबा, पण आत बारीक वाळू मिसळलेली असते. तो लावला की रंगाचा गुळगुळीतपणा जाऊन गिलाव्याला पकड मिळते. पूर्वीपासून लोक पीव्हीए, म्हणजे पांढरा गोंद, वापरतात, पाण्यात पातळ करून एक हात, तो वाळल्यावर दुसरा, आणि दुसरा चिकट असतानाच गिलावा. त्यात वेळ चुकते. माझं पहिलंच छत पीव्हीए लावून केलं होतं. फोन आला, अर्धा तास गेला, पीव्हीए काचेसारखं सुकलं आणि त्यावरचा गिलावा ताटाएवढ्या तुकड्यांत घसरून खाली आला. खरखरीत प्रायमर पूर्ण वाळल्यावरच काम सुरू करायचं असतं, त्यामुळे घाई नसते. नवशिक्याने पाच-दहा पौंड जास्त देऊन तोच घ्यावा.

आदल्या दिवशी

खोली रिकामी करा. पडदे, कार्पेट निघत असेल तर काढा. स्वयंपाकघर असेल तर तेलकटपणा शुगर सोपच्या (रंगाआधी भिंती धुवायच्या पावडरीच्या) कोमट पाण्याने, स्पंज दाबून दाबून काढा. दाण्यांवर स्पंज घासून त्यांची टोकं मोडू नका. आपल्या घरांत गॅसच्या वरचा भाग दोनदा धुवावा लागतो. मोहरी-हळदीची फोडणी वर्षानुवर्षं तिथेच जाऊन बसलेली असते आणि तेलावर प्रायमरही धरत नाही. मग स्वच्छ पाण्याने पुसून वाळू द्या.

दिव्यासाठी मेन बोर्डवरचा त्या सर्किटचा स्विच पाडा, टेस्टरने खात्री करा, आणि छतावरच्या रोझचं, म्हणजे दिव्याची वायर जिथून लोंबते त्या गोल डबीचं, झाकण फिरवून खाली सोडा, म्हणजे त्याच्या पाठीमागच्या कडेपर्यंत गिलावा नेता येईल. वायरच्या जोडण्यांना हात लावायचा नाही. रोझच छतावरून मोकळं करायची वेळ आली तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

भिंत आणि छत यांच्यामधल्या गोलसर कोव्हिंगला टेप लावा. कोव्हिंग नसेल तर भिंतीच्या वरच्या चार बोटांवर टेप.

आता प्रायमर. जाड रोलरने, न दाबता, सगळीकडे. नक्षीतल्या पंख्यांच्या खाचांमध्ये रोलर पोचत नाही, तिथे ब्रश टोचत न्या. शेजारून टॉर्च लावून पाहिलं की सुटलेल्या जागा चकाकतात. रात्रभर वाळू द्या.

दाणे तीन मिलिमीटरपेक्षा उंच असतील तर त्या दऱ्या बाँडिंग कोटने भरायच्या, दाण्यांच्या टोकांच्या पातळीपर्यंतच. थापी दाण्यांच्या टोकांवर टेकवून ओढली की जाडी आपोआप सारखी येते. तो घट्ट झाल्यावर, साधारण दोन तासांनी, पण वाळायच्या आत, त्याच दिवशी फिनिशचे हात द्या. म्हणजे बाँडिंग लागणार असेल तर प्रायमरनंतरचा पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

माल कालवणं

पहिली अट: बादली नव्यासारखी स्वच्छ. बादलीच्या कडेला कालचं सुकलेलं प्लास्टर राहिलं तर ते आजच्या मालाला विरजणासारखं काम करतं, सगळा माल भराभर घट्ट होतो. जिप्समचे जुने स्फटिक नव्यांना वाट दाखवतात. गावाकडे सिमेंटची घमेली पुसून चालवून घेतात, ते इथे चालत नाही.

आधी पाणी, मग पावडर. पूर्ण पोत्याला साडेअकरा लिटरच्या आसपास पाणी लागतं. नवशिक्याने अर्धंच पोतं कालवावं, म्हणजे पावणेसहा लिटर. गार पाणी घ्या, नळाचं, पिण्यासारखं. पावडर भुरभुरवत टाका, पिठल्यात डाळीचं पीठ सोडतो तशी, आणि घुसळा हळू वेगात फिरवा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि प्रत्येक गुठळी पुढे थापीखाली येऊन छतावर रेघ मारते. बादलीच्या बुडाची पावडर करणीने खरवडून वर घ्या, पुन्हा घुसळा.

पहिल्या हाताला माल श्रीखंडासारखा हवा: थापीवर घेतला तर टेकडी राहते, थापी तिरकी केली की सावकाश सरकतो. दुसऱ्या हाताला किंचित सैल, नीट विरजलेल्या दह्यासारखा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा ढवळायचा नाही. तो टाकून द्यायचा. यात हळहळू नका, अर्ध्या पोत्यापेक्षा छत महाग आहे.

पाण्यात पावडर पडली त्या क्षणापासून घड्याळ सुरू. साधारण दीड तासात माल बसतो. हीटिंग बंद ठेवा, खिडक्या बंद ठेवा. वाऱ्याच्या झोतासमोरची बाजू आधी सुकते आणि उरलेल्या छतापासून वेगळी पडते.

पहिला हात

हॉकवर दोन मुठींएवढाच माल घ्या. हॉक स्वतःकडे तिरका करत थापीने वर ढकलून माल उचलायचा. ही एकच क्रिया अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्याचा सराव छतावर करू नका. गॅरेजमध्ये प्लास्टरबोर्डचा एक तक्ता उभा करून त्यावर अर्धं पोतं खर्च करा, खरवडून काढा, पुन्हा लावा. दुसऱ्या दिवशी तोच तक्ता दोन घोड्यांवर आडवा टाकून खालून लावून बघा. पहिलं खरं छत जिन्याखालच्या कपाटाचं किंवा न्हाणीघराचं असू द्या.

छताला सुरुवात कोपऱ्यातून. थापीभर रुंदीची पट्टी चारही कडांनी आधी लावून घ्या, मग मधला भाग. थापीची पुढची कड छतापासून बोटभर सुटी, मागची कड टेकलेली, आणि दाब अंगठ्याने नाही, तळव्याने. डोक्याच्या बरोबर वर काम करू नका. हात थोडे पुढे ठेवा, म्हणजे पडणारा माल डोळ्यांत येत नाही आणि मानही धरत नाही. एका जागी तीनपेक्षा जास्त वेळा थापी फिरवली की ओला माल खाली ओढला जायला लागतो.

या हातात सपाटपणा शोधत बसू नका. दऱ्या भरल्या, दाणे झाकले, जाडी दोन-तीन मिलिमीटर राहिली, की झालं. दाणे कुठे कुठे डोकावतील, डोकावू देत. ॲस्बेस्टॉसच्या छतावर तर ते थापीने ठोकून मोडायचा मोह टाळाच. भेगा आणि तक्त्यांचे सांधे दिसत असतील तर ओल्या मालावर जाळीची टेप दाबून बसवा.

सगळं झाल्यावर वीस मिनिटं बादली, थापी, हॉक, घुसळा धुण्यात घालवा. हा वेळ फुकट नाही, कारण तेवढ्यात पहिला हात आवळत असतो. बोट टेकवलं आणि ठसा उमटला, पण माल बोटाला चिकटला नाही, की थापी एकदा सपाट फिरवून मोठे उंचवटे दाबून घ्या.

दुसरा हात आणि थापीचे फेरे

नवा माल, नवी अर्धी बादली. या वेळी पहिल्या हाताच्या आडव्या दिशेने लावा. जाडी एक ते दोन मिलिमीटर. पहिला हात अजून ओलसर असल्यामुळे माल सहज पसरतो, आणि आर्टेक्स दिसेनासं होतं. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

यापुढचं सगळं काम वाट पाहण्याचं आहे. नवशिक्यांची छतं बिघडतात ती बहुधा इथेच, हात जड म्हणून कमी आणि हात थांबत नाही म्हणून जास्त.

लावून झाल्यावर लगेच थापीने सपाट करायला जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा. पृष्ठभागाची ओली चकाकी मंदावली की पहिला फेरा, थापी जवळजवळ सपाट धरून, लांब ओढीने. या फेऱ्यात लाटा जातात. पुन्हा थांबा. आता बोटाचा ठसा जेमतेम उमटतो. दुसरा फेरा जरा जोर देऊन, थापी थोडी उभी. बारीक छिद्रं मालाच्या सायीने आपोआप भरतात. राहिलेल्या खड्ड्यांत बादलीतला थोडा माल दाबून भरा, तोवर तो जिवंत असतो. तिसऱ्या फेऱ्याला ब्रशने पाण्याचा अगदी हलका शिडकावा करून थापी फिरवा. पाणी जास्त झालं तर वरची साय धुऊन निघते आणि सुकल्यावर ती जागा भुसभुशीत होते.

शेवटचा फेरा छत गडद आणि टणक झाल्यावर, कोरड्या स्वच्छ थापीने. आरशासारखी चमक आणू नका. तितक्या घोटलेल्या गिलाव्यावर रंग धरत नाही.

खाचा-रेघा राहिल्या तर राहू द्या. त्या वाळल्यावर फिलरने भरता येतात. बसून गेलेल्या मालावर थापी घासत राहिलं की काळे लोखंडी डाग पडतात, फायदा काही होत नाही.

वाळणं, आणि पाणी न मारणं

दुसऱ्या दिवशी माझ्या आईने फोनवर विचारलं, “पाणी मारलंस का?” सिमेंटचा गिलावा सात-आठ दिवस ओला ठेवायचा हे आपल्या रक्तात आहे. सिमेंटला मजबुती यायला पाणी लागतं. जिप्समचं सगळं काम दीड-दोन तासांत झालेलं असतं, त्यानंतर त्याला फक्त वाळायचं असतं. पाणी मारलंत तर ते कमजोर होईल.

खिडकी थोडी उघडी ठेवा. हीटर छताकडे तोंड करून लावू नका, घाईने सुकवलेल्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतात. गडद तपकिरी-गुलाबी रंग फिकट होत जातो. सगळीकडे एकसारखा फिकट गुलाबी झाला की वाळलं. उन्हाळ्यात आठवड्याभरात होतं, लंडनच्या नोव्हेंबरात दोन-तीन आठवडे धरा.

रंगाचा पहिला हात पातळ: साध्या मॅट इमल्शनमध्ये चौथा-तिसरा हिस्सा पाणी. इथे त्याला मिस्ट कोट म्हणतात. कोरा गिलावा स्पंजासारखा पाणी ओढतो, घट्ट रंग वरच्यावर सुकून पुढे पापुद्र्यासारखा निघतो. व्हिनाइल किंवा सिल्क रंग या पहिल्या हाताला कधीच नको. त्यावर नेहमीसारखे दोन हात. छताला मॅटच घ्या, चकाकी असलेला रंग प्रत्येक लाट दाखवतो.

उरलेला माल आणि बादल्या धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, पाइपात दगड होतो. रात्रभर बादलीत ठेवा, गाळ बसला की वरचं पाणी काढा आणि गोळा कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, कचरा केंद्रावर जिप्समच्या वेगळ्या ढिगात द्या. नमुना काढतानाचं प्लास्टिक आणि फडकी, अहवालात ॲस्बेस्टॉस आलं असेल तर, दुहेरी पिशवीत बंद करून कौन्सिलला फोन करा. घरगुती ॲस्बेस्टॉससाठी त्यांची वेगळी सोय असते, नेहमीच्या डब्यात ते टाकायचं नाही.

आता एक काम उरतं, जे बहुतेक जण करत नाहीत. गिलाव्याखाली ॲस्बेस्टॉस आहे हे तुम्हाला माहीत आहे. दहा वर्षांनी छतात स्पॉटलाइट बसवायला येणाऱ्या वायरमनला माहीत नसेल, आणि सपाट पांढरं छत त्याला काही सांगणार नाही. खोलीचं नाव, चाचणीची तारीख, अहवालाचा क्रमांक आणि ‘गिलाव्याखाली ॲस्बेस्टॉसचा लेप आहे, छिद्र पाडण्याआधी विचारा’ एवढं एका कागदावर इंग्रजीत लिहा. एक प्रत मेन बोर्डच्या झाकणाच्या आत चिकटवा, दुसरी माळ्यावर त्या खोलीच्या वरच्या कडीला, तिसरी घराच्या कागदपत्रांत, म्हणजे घर विकाल तेव्हा ती पुढच्या मालकाच्या हातात जाईल.